पिन टाकण्याआधीचे सतरा तास, नंतरचे चार

कोणाचा कॉल किती वाजता आला, किती मिनिटं चालला, कुठला फोटो कधी उतरला, बँकेचा संदेश केव्हा पडला, हे सगळं फोनमध्ये मिनिटाबरहुकूम राहतं. खालचा घटनाक्रम अशाच एका फोनवरून लावलेला आहे. फोन डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा. एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. आमच्या इमारतीत लहानथोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. त्यांना विचारून हे लिहितो आहे. नाव घालू नकोस म्हणाल्या, आणि वेळा मात्र बरोबर घाल म्हणाल्या.

बाई आणि त्यांचे यजमान डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून पुण्याला मुलाकडे निघाले होते. सामान हलवणारे लोक मंगळवारी यायचे होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही अशी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे सागवानी जेवणाचं टेबल आणि त्याच्या सहा खुर्च्या.

शुक्रवार, रात्री ८:४० (१७ तास उरले)

बाईंनी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात टाकली. चार फोटो. किंमत १४,००० रुपये. खाली इंग्रजीत दोन ओळी: घर बदलतोय, मंगळवारच्या आत न्यायला हवं, अर्जंट. त्याखाली स्वतःचा मोबाइल नंबर, कारण ॲपमध्ये टाइप करत बसण्यापेक्षा फोनवर बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं.

फसवणाऱ्याला जे कळायला हवं ते त्या दोन ओळींत सगळं होतं. विकणाऱ्याला घाई आहे, तारीख ठरलेली आहे, आणि अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची तयारी आहे. बोलणं ॲपमधल्या चॅटवरच राहिलं असतं तर तक्रारीच्या वेळी ते तिथे जसंच्या तसं सापडलं असतं. नंबर उघडा पडला की माणूस थेट व्हॉट्सॲपवर येतो, आणि तिथे तो जो फोटो लावेल तो आणि जे नाव घेईल ते.

रात्री ९:०५ ते ११:३०

सात जणांचे निरोप आले. तिघांनी फक्त 'अवेलेबल?' विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर गप्प झाले. एकाने 'लास्ट किती?' एवढंच विचारलं. एकाने पाच हजार सांगितले. एकजण म्हणाला, उद्या सकाळी नऊला येतो, पत्ता पाठवा. बाईंनी पाठवला.

सातवा कल्याणचा. त्याने अर्धा तास पिच्छा पुरवला. टेबलाची लांबी किती? वरची फळी सुटते का? पाय खोलता येतात का, आमच्या जिन्याला वळण आहे. सागवान भरीव आहे की वरून नुसतं विनियर? खुर्च्यांचा वेत कुठे तुटलाय का, जवळून फोटो टाका. बाईंनी उठून खुर्च्यांचे फोटो काढले आणि पाठवले. त्यावर त्याचं उत्तर: "आठ हजार देतो, टेम्पो माझा." ओळखीच्या सुताराकडून समोर बसून करवून घेतलेल्या टेबलाला आठ हजार. बाईंना ते लागलं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि झोपायला गेल्या.

जुनी वस्तू विकायला काढलेल्या कोणालाही हा थकवा ओळखीचा असेल. चौकशा होतात, घासाघीस होते, येतो म्हणणारे येत नाहीत. पण खऱ्या गिऱ्हाइकाची खूणही यातच आहे. त्याला वस्तू घरी न्यायची असते, म्हणून तो वस्तूबद्दल विचारतो, तिच्यातलं वैगुण्य शोधतो, जिना मोजतो आणि भाव पाडतो. कल्याणचा माणूस बाईंना त्या रात्री सगळ्यात त्रासदायक वाटला. त्या सात जणांत टेबल खरोखर हवं असलेला तो एकटाच होता.

शनिवार, सकाळी ९:३० (४ तास उरले)

नऊला येणारा आला नाही. फोन लागत नव्हता.

सकाळी १०:४७ (३ तास उरले)

अनोळखी नंबरवरून कॉल. सहा मिनिटं. व्हॉट्सॲपवर वर्दीतल्या माणसाचा फोटो. "जय हिंद मॅडमजी," अशी सुरुवात. मी सीआयएसएफमध्ये आहे, मुंबई विमानतळावर ड्यूटी, नुकतीच बदली झाली, क्वार्टर मिळालाय, कुटुंब पुढच्या आठवड्यात येतंय. टेबलाचे फोटो पाहिले, बायकोला आवडलं. १४,००० ठीक आहे.

भाव पाडणं नाही, लांबी-रुंदीची चौकशी नाही, फळी सुटते का हा प्रश्न नाही. आदल्या रात्रीनंतर बाईंना हे सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांच्या जागी कोणालाही वाटलं असतं.

सोंगासाठी वर्दी का निवडतात, हे नीट पाहायला हवं. विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते, त्यामुळे वाक्य कानाला खरं लागतं. पण वर्दीचा खरा उपयोग वेगळाच. विकणाऱ्याच्या मनात येऊ शकणाऱ्या प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला ती आधीच उत्तर देऊन ठेवते. बघायला का येत नाही? ड्यूटी सोडता येत नाही. पैसे दुसरा का देणार? आमच्याकडे हिशेब वेगळा असतो. पद्धत नेहमीसारखी का नाही? सुरक्षेचे नियम आहेत. शिवाय वर्दीतल्या माणसावर उघड शंका घ्यायला आपल्याला जड जातं. बाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, जिथे घरातला माणूस फौजेत असण्याचं कोणाला नवल वाटत नाही, तिथे त्या वाढल्या. त्यांचा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. फोनवरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. महाराष्ट्रात दहा फोन केले तर दोन-तीन घरांत असा भाऊ, काका किंवा भाचा निघतोच.

सकाळी ११:२०

व्हॉट्सॲपवर तीन फोटो उतरले: ओळखपत्र, आधार कार्ड, कँटीन कार्ड. तिन्हींवर एकच नाव, एकच चेहरा. 'आपकी तसल्ली के लिए,' असं खाली लिहिलेलं.

बाईंनी फोटो मोठे करून नाव जुळवून पाहिलं. त्यांनी तपासलं नाही असं कोणी म्हणू नये. पण ओळखपत्राचा फोटो एवढंच सांगतो की असं ओळखपत्र कुठेतरी आहे. ते पाठवणाऱ्याचंच आहे, हे तो सांगत नाही. अशी कार्डं बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाची असतात, कधी आधी फसलेल्या एखाद्याची, आणि तीच मग महिनोन् महिने फिरत राहतात. आता बाईंच्या आधार कार्डाचा फोटोही त्या माणसाकडे आहे. 'मी माझं दाखवलं, तुम्ही तुमचं दाखवा,' म्हटल्यावर त्यांनी पाठवला. उद्या तो कोणापुढे धरला जाईल, हा विचार मला टेबलापेक्षा जास्त छळतो.

दुपारी १२:१५ (दीड तास उरला)

दुसरा कॉल, चार मिनिटं. गाडी चार वाजता येईल, दोन जवान सोबत असतील. फक्त एक आहे, गाडी बाहेर काढायला गेटपास लागतो आणि त्यासाठी पेमेंटची पावती जोडावी लागते. म्हणून पैसे आधी देतो. आमच्या अकाउंट्सचे साहेब फोन करतील, ते सांगतील तसं करा.

वस्तू न बघता आगाऊ पूर्ण पैसे देणारा गिऱ्हाईक. हे ऐकून बाईंना काळजी वाटली ती त्याच्याच पैशांची. "माझ्यावर एवढा विश्वास कसा ठेवता?" असं त्यांनी त्याला विचारलंसुद्धा. ऑनलाइन खरेदीत सांभाळून राहावं, हे त्यांना दहा वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं. विकणाऱ्यानेही सांभाळून राहायचं असतं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. टेबल घरात आहे, पैसे मिळाल्याशिवाय ते हलणार नाही, मग आपलं जाणार काय, हा त्यांचा हिशेब. टेबलापुरता तो बरोबरच होता.

दुपारी १२:२२

बाईंनी कल्याणच्या माणसाला निरोप धाडला: 'टेबल गेलं.' जाहिरातही काढून टाकली.

दुपारी १:३१ (१३ मिनिटं उरली)

यजमान जेवून आडवे झाले होते. बाई स्वयंपाकघरात डबे खोक्यात भरत होत्या. तिसरा कॉल, नंबर वेगळा, आवाज वेगळा, वयस्कर आणि घाईतला. हा कॉल ३५ मिनिटं चालला.

कामाची वाटणी लक्षात घ्या. पहिला माणूस गोड बोलून विश्वास मिळवतो. दुसरा साहेब असतो. तो हुकूम सोडतो, त्याला वेळ नसतो, त्याच्यामागे फाइलींचा ढीग असतो. त्याला उलट प्रश्न विचारायचा म्हणजे पहिल्या भल्या माणसाची अडचण करायची. आणि या साहेबाचं पहिलं सांगणं: फोन कट करू नका. स्पीकरवर ठेवा, मी सांगतो तसं करत जा. कॉल चालू असेपर्यंत माणूस दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही, आणि शांतपणे स्क्रीन वाचूही शकत नाही.

व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड आला. "पहले पाँच रुपये का टेस्ट करेंगे."

बाई थबकल्या. पैसे मला मिळणार आहेत तर स्कॅन मी का करायचं, हे त्यांनी विचारलं. नेमका हाच प्रश्न, याच शब्दांत. उत्तर तयार होतं: आमचं खातं फौजेचं आहे, त्यातून सरळ पैसे निघत नाहीत, रिव्हर्स एंट्री होते, तुम्ही पाच टाका, दहा परत येतील.

१:३८ ला बाईंनी पाच रुपये पाठवले. मिनिटाभरात दहा रुपये जमा झाल्याचा संदेश आला. बँकेचाच, खरा. बाईंनी शिल्लक पाहिली, तीही पाचाने वाढलेली होती.

सगळा डाव या पाच रुपयांवर उभा आहे. आयुष्यभर मुलांना 'ताळा करून बघा' सांगितलेल्या बाईंनी ताळा केला आणि तो जुळला. पण जुळलं ते काय? एका माणसाने कोडमधून पाच रुपये घेतले आणि नंतर वेगळ्या व्यवहारात, स्वतःच्या हाताने, दहा रुपये पाठवले. या दोन गोष्टींना जोडणारं यंत्रात काही नाही. जोड फक्त फोनवरच्या त्या आवाजात होती.

क्यूआर कोडच्या चौकोनात काय भरलेलं असतं, हे एकदा कळलं की हा डाव चालत नाही. घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, त्याचं नाव, हवी असेल तर रक्कम, आणि हवी असेल तर एक टीप. बस. समोरच्याच्या खात्यातून पैसे ओढून स्कॅन करणाऱ्याला देण्याची सोय त्यात कुठेच नाही. पिनचंही तसंच. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं तेव्हापासून पैसे घेण्यासाठी पिन लागलेला नाही. पैसे येतात तेव्हा आपल्याला काहीच करावं लागत नाही, फोन बंद असला तरी ते येतात. विकणाऱ्याने फार तर आपला यूपीआय पत्ता किंवा स्वतःचा कोड द्यावा आणि शिल्लक वाढलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

दुपारी १:४४ (पहिली मोठी रक्कम)

दुसरा कोड आला. स्कॅन केल्यावर रक्कम आधीच भरलेली: १४,०००. खाली टीप: 'टेबल पेमेंट रिसीव्ह'.

मी तो स्क्रीन नंतर पाहिला. सगळ्यात ठळक दिसतो तो आकडा. त्याच्याखाली ही टीप, जी कोड बनवणाऱ्याने आपल्याला हवी ती लिहिलेली. तळाशी बटणावर इंग्रजीत 'पे'. माणूस कानाने 'रिसीव्ह' ऐकतोय, डोळ्यांना 'रिसीव्ह' दिसतंय, काही मिनिटांपूर्वीचा ताळा जुळलेला आहे. त्या बटणावरच्या तीन इंग्रजी अक्षरांनी हे सगळं थोपवावं अशी आपली अपेक्षा आहे. मला ती अन्यायाची वाटते. पिन मागण्याआधी, त्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, माणसाच्या स्वतःच्या भाषेत 'तुमच्या खात्यातून १४,००० रुपये जाणार आहेत' असं लिहायला कोणाची हरकत असावी?

बाईंनी पिन टाकला. १४,००० गेले.

दुपारी १:४९

"मॅडम, एंट्री अडकली. आपने लेट कर दिया." दोष बाईंवर आला. पुन्हा एकदा तेवढीच एंट्री केली की दोन्ही मिळून ५६,००० रिव्हर्स होतील, त्यातले तुमचे ठेवून बाकीचे जवानाच्या हाती द्या. बाईंना घाम फुटला होता. आता प्रश्न टेबल विकण्याचा नव्हता, गेलेले १४,००० परत आणण्याचा होता, आणि परत आणण्याचा रस्ता माहीत असलेला एकच माणूस फोनवर होता.

दुसरे १४,००० गेले.

दुपारी १:५८

"सिस्टीम राउंड फिगर माँग रहा है." २०,००० गेले. एकूण ४८,०००.

फसलेल्या माणसाला सगळे विचारतात की एकदा गेल्यावर पुन्हा कसे पाठवलेस. पण दुसरा आणि तिसरा हप्ता हव्यासाने जात नाही. तो पहिला वाचवण्याच्या धडपडीत जातो. बाईंना चौदाच्या जागी पंधरा हजारही नको होते. 'लोभापायी फसली' असं जे सर्रास म्हटलं जातं, पोलिसांच्या फलकांवरही लिहिलेलं असतं, ते या प्रकरणांत बहुतेक वेळा खोटं असतं. बाई फसल्या त्या सौजन्यापायी. समोरच्याची अडचण होऊ नये, त्याला खोटा ठरवू नये, त्याचा वेळ जाऊ नये म्हणून.

दुपारी २:०६

आता यजमानांच्या फोनवरून करू, म्हणाला साहेब. बाईंनी आतल्या खोलीत झोपलेल्या यजमानांकडे पाहिलं आणि फोन कट केला.

इथवरचं नुकसान ४८,००० रुपयांचं. ते त्या क्षणी बऱ्यापैकी भरून येण्याजोगं होतं. खरी हानी झाली ती पुढच्या पावणेचार तासांत.

दुपारी २:१० ते ३:३०

बाईंनी पहिल्या माणसाला फोन केला. त्याने उचलला. आवाज तसाच मऊ. साहेबांचं डोकं गरम आहे, मी बोलतो, पाचपर्यंत रिफंड येईल, काळजी करू नका. पुढच्या तासाभरात त्याने आपणहून दोनदा फोन केला. चोर पळून जाईल असं आपल्याला वाटतं. तो पळत नाही, बोलत राहतो, कारण फसलेला माणूस आशेवर आहे तोवर तक्रार करत नाही. आणि तेवढ्याच वेळाची त्याला गरज असते.

त्या वेळात काय चाललं होतं ते नंतर पोलिसांकडून कळलं. पैसे ज्या खात्यात पडले ते दुसऱ्या राज्यातलं होतं. तिथून काही मिनिटांत ते आणखी दोन खात्यांत गेले. ३:२० पर्यंत त्यातला बराचसा भाग एटीएममधून रोख निघालेला होता. ही खाती बहुधा भाड्याची असतात. थोड्या पैशांसाठी कोणीतरी आपलं पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं.

२:५० ला बाईंनी इंटरनेटवर पेमेंट ॲपचा तक्रार नंबर शोधला. वर आलेला पहिला नंबर लावला. तो माणूसही गोड बोलला, रिफंडसाठी एक ॲप उतरवून घ्या म्हणाला. ते समोरच्याला आपला स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. मग त्याने पिन टाकायला सांगितलं आणि बाईंनी फोन ठेवला. घाबरलेला माणूस तक्रार नंबर शोधणार हे ओळखून खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. खरा नंबर कार्डाच्या पाठीमागे असतो, पासबुकावर असतो, ॲपच्या आतल्या मदतीच्या पानावर असतो.

दुपारी ३:३० ते सायंकाळी ५:५०

या दोन तास वीस मिनिटांत फोनवर फारशी नोंद नाही. ती बाईंनी सांगितली.

यजमान उठले. चहा झाला. चारला टेबल न्यायला येतायत ना, त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. साडेचारला पुन्हा विचारलं. ट्रॅफिक असेल, बाई म्हणाल्या. पुण्याहून सुनेचा फोन आला, सामानाची यादी विचारायला. बाईंनी यादी सांगितली, एकही चूक न करता. मग पुन्हा डबे भरायला लागल्या.

त्या कोणाला सांगत का नव्हत्या? मी त्यांना थेट विचारलं. म्हणाल्या, "गणिताच्या बाई ना मी. लोक काय म्हणतील ते सोड, मुलगा काय म्हणेल? पुण्याला गेल्यावर माझ्या हातात फोन तरी ठेवतील का?" दर महिन्याचं विजेचं बिल, गॅस, यजमानांची औषधं, सगळं त्या फोनवरून भरायच्या. सून कौतुकाने सांगायची की आमच्या आई सगळं स्वतः करतात. ४८,००० गेल्याचं कळलं की हेही जाणार, ही भीती होती.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो या भीतीचा, आणि ती घालणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. 'एवढी शिकलेली असून' हे वाक्य आपण किती सहज बोलतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. क्यूआर कोडच्या याच डावात तिचे ३४,००० रुपये गेले. आधी थोडे पैसे खात्यात टाकून विश्वास मिळवला, मग कोड पाठवला. मुख्यमंत्र्यांच्या घरात हे घडू शकतं. एप्रिल २०२३ मध्ये अशाच ऑनलाइन ठगांना पकडायला हरियाणा पोलिसांनी नूंह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एका रात्रीत छापे टाकले, त्यासाठी सुमारे ५,००० पोलीस लागले. पलीकडे एवढी मोठी, सरावलेली यंत्रणा आहे. रोज हेच संवाद म्हणणारी माणसं आहेत. अलीकडे ज्येष्ठ नागरिक एकटा, पहिल्यांदाच ऐकत असतो. ही बरोबरीची लढत नाही, आणि हरलेल्याला हसणं शोभत नाही.

लाजेचे ते तास पैशांत मोजता येतात. सव्वादोनला फोन गेला असता तर बरेचसे पैसे अजून खात्यांतच होते.

सायंकाळी ५:५०

बाई आमच्या दारात आल्या. चप्पल न घालता. "जरा येतोस का?" एवढंच म्हणाल्या.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. लगेच लागला नाही, सहा-सात वेळा लावावा लागला. तिकडून विचारतात ते असं: बँक कोणती, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम, बारा आकडी संदर्भ क्रमांक, पैसे गेले तो यूपीआय पत्ता. बाईंनी एकेक व्यवहार उघडून आकडे वाचून दाखवले. आवाज स्थिर होता. पोचपावतीचा क्रमांक संदेशाने आला. दुसरीकडे बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून यूपीआय बंद केलं. चौथा शनिवार, शाखा सकाळपासून बंदच होती. रात्री सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार भरली, कॉलच्या यादीचे आणि कोडचे फोटो जोडले.

बाईंना सगळ्यात आधी ते व्हॉट्सॲपचं संभाषण पुसून टाकायचं होतं. डोळ्यांसमोर नको म्हणाल्या. ते पुसू न देणं हे त्या संध्याकाळी माझ्याकडून झालेलं त्यातल्या त्यात उपयोगी काम.

रविवार, सोमवार

पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड लागलं. हवालदार तरुण होता. तो एकदाही 'पिन का टाकलात' म्हणाला नाही. त्याने बाईंना खुर्ची दिली आणि वेळा विचारल्या.

सोमवारी बँकेत नियम समजला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल, किंवा दोष ग्राहकाचा नसून यंत्रणेत कुठे असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाच्याच हलगर्जीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. स्वतः पिन टाकला म्हणजे हलगर्जीपणा, असा बँकेचा अर्थ. फसवून टाकून घेतलेल्या पिनला वेगळी वाट त्यात नाही. ती असायला हवी. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैसे मागण्याची विनंती पाठवण्याची सोय बंद झाली, कारण तिच्याआड हाच खेळ चालत होता. म्हणजे मनात आणलं की बदल करता येतात. अनोळखी पत्त्यावर पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर तासभर ती अडवून ठेवली, तरी बाईंचे ४८,००० वाचण्याची संधी राहिली असती.

संध्याकाळी कल्याणचा माणूस आला. बाईंनीच त्याला पुन्हा निरोप धाडला होता. येताना तो मोजपट्टी घेऊन आला. फळी खालून ठोकून पाहिली, एका खुर्चीचा पाय हलतो म्हणून आणखी पाचशे कमी करा म्हणाला. ८,५०० वर तुटलं. पाचशेच्या सतरा नोटा त्याने दारातच मोजून दिल्या.

४८,००० पैकी ११,३०० रुपये तिसऱ्या खात्यात गोठवलेले सापडले. ते परत मिळावेत म्हणून अर्ज कल्याणच्या न्यायालयात आहे. बाई तारखेला पुण्याहून रेल्वेने येतात, एकट्या. मुलाला आणि सुनेला त्यांनी त्याच शनिवारी रात्री सगळं सांगितलं होतं. फोन अजून त्यांच्याकडेच आहे.